बोटांचा ‘ला’, जिभेचा ‘ले’

अकोल्यात माझी टायपिंगची संस्था होती. पाटी उतरवून फार काळ झालेला नाही, आणि आमच्या समोरचा किराणावाला अजूनही पत्ता सांगताना ‘टायपिंगवाल्या मॅडमच्या गल्लीत’ असंच सांगतो. पाटी गेली तरी गल्ली माझ्या नावावर राहिली, याचं मला बरं वाटतं. माणसाला एवढा गर्व असू द्यावा.

आमच्या वऱ्हाडात दहावी-बारावी झाली आणि पुढे काय हे कोणालाच कळेना, की पोराला टायपिंगला घालत. मार्क कमी पडले, घाला टायपिंगला. कॉलेज लांब आहे आणि घरचे पाठवत नाहीत, घाला टायपिंगला. पोरीला स्थळं बघणं चालू आहे, तोवर घरी बसून काय करते, घाला टायपिंगला. सगळ्या बंद दारांच्या समोर माझं दार होतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. फक्त एक गोष्ट मला कायम टोचायची. याला कोणी शिक्षण म्हणत नसे. पोरीला पाहायला पाहुणे आले आणि ‘काय शिकून राह्यली?’ असं त्यांनी विचारलं, की आई सांगायची, ‘शिकत काई नाई, टायपिंग करते.’ भांडी करते, धुणी करते, तसं टायपिंग करते.

राग यायचा तो माझ्याही पोटात काही होतं म्हणून. मी अमरावतीची. मॅट्रिक चांगल्या मार्कांनी झाले, पण पाठच्या दोन भावांचं शिक्षण व्हायचं होतं, म्हणून वडिलांनी मला कॉलेजऐवजी टायपिंगला घातलं. पहिले काही दिवस मी यंत्रावर राग काढला. मग यंत्राने मला जिंकलं. लग्न होऊन अकोल्याला आले, सासरच्या पुढच्या खोलीत दोन जुनी यंत्रं मांडली, आणि तिथून पुढचं सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. शेवटी शेवटी यंत्रं जाऊन कॉम्प्युटर आले आणि खोली एकदम शांत झाली. त्या शांततेची सवय व्हायला मला फार जड गेलं.

ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही, त्यांना वाटतं की टायपिंग म्हणजे भराभर बटणं दाबणं. तसं नाही. समोर मजकूर असतो. डोळ्यांनी अक्षर उचलायचं आणि बोटांच्या स्वाधीन करायचं. मधे डोक्याने तोंड घालायचं नाही. मजकूर चांगला आहे की वाईट, खरा की खोटा, याच्याशी टायपिस्टला देणंघेणं नाही. मी मुलांना सांगायचे, इथे हुशारी दाराबाहेर चपलेजवळ ठेवून या. मुलं हसायची, पण मी विनोद करत नव्हते. हुशार मुलं वेगात मार खातात, हे मी पुष्कळदा पाहिलं.

रिद्धपूरहून एक वयस्कर महानुभाव गृहस्थ माझ्याकडे येत. त्यांना जुन्या पोथ्या स्वतः टाइप करायच्या होत्या. आमच्या मराठी टायपिंगची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या बटणावर छापलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि उमटतं भलतंच. वायचं बटण दाबलं की ‘ल’ येतो. नवी मुलं याला घाबरतात. हे गृहस्थ मात्र खूश झाले. म्हणाले, ‘आमच्या पंथातल्या पोथ्या अशाच गुप्त लिपीत असायच्या, बाई. लिहायचं एक अक्षर, वाचायचं दुसरं. तुमची बी तशीच दिसते.’ कळफलक त्यांनी पाहता पाहता पाठ केला. वेग मात्र त्यांना कधी आला नाही. एखादी ओळ आवडली की ते हात मांडीवर ठेवून डोळे मिटत. मी टोकलं तर म्हणत, ‘असं वाचून पुढे जाववत नाही हो.’ परीक्षा त्यांना द्यायची नव्हती, म्हणून मी सोडून दिलं.

परीक्षेची गोष्ट वेगळी. एक मुलगी हळद लागलेल्या हातांनी परीक्षेला आली होती. दुसऱ्या दिवशी लग्न. पेपर देऊन ती सरळ मांडवात गेली आणि पासही झाली. माझ्या एका यंत्राचा ‘क’ पुढे कितीतरी दिवस पिवळा होता. ती मुलगी नंतर कुठे नोकरीला लागली की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक नाहीच. अशा पुष्कळ जणी आल्या आणि गेल्या. बोटं तयार झाली आणि पुढे पोळ्या लाटत राहिली.

पण मला आज सांगायचं आहे ते छायाबद्दल.

छाया आली तेव्हा यंत्रं जाऊन कॉम्प्युटर आले होते. तिशी ओलांडलेली, एका लहान लेकीची आई, अंगाने बारीक, बोलणं कमी. मूर्तिजापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातलं तिचं सासर. घरी वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि अकोल्याच्या बाजारात आणून विकायचे. नवरा अकोल्यातल्या एका सरकारी कचेरीत शिपाई होता. तो आजारात गेला. छाया बारावी पास होती, म्हणून त्याच्या मागे अनुकंपा तत्त्वावर तिला त्याच कचेरीत लिपिकाची नोकरी मिळाली. अनुकंपा म्हणजे घरचा कमावता माणूस नोकरीत असताना गेला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी देतात, ती. पण तिला एक अट असते. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास झालं पाहिजे. नाही झालं, तर नोकरी जाते.

ती सकाळच्या बॅचला यायची, कचेरी उघडायच्या आधी. बरोबर सासू असायची, सुभद्राबाई. पहाटेच्या गाडीने दोघी भाजी घेऊन येत. सुभद्राबाई बाजारात व्यापाऱ्याला माल देऊन माझ्या खोलीतल्या बाकावर येऊन बसत. छायाचा तास संपेपर्यंत बसून राहत, मग ती कचेरीत आणि या घरी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं सांगून टाकलं.

‘पोराची जागा हाय ते, मॅडम. ते गेली तं मंग आमच्या पोराचं काईच नाई राह्यत.’

छाया समोरच बसली होती. तिने मान वर केली नाही.

बोटं तिची चांगली होती. वर्षानुवर्षं मेथीच्या जुड्या बांधलेली बोटं, लवचिक आणि न थकणारी. महिन्याभरात तिला सगळी अक्षरं न पाहता येऊ लागली. मी मनात म्हटलं, ही सहज निघेल. मग मी तिला पहिला सलग उतारा दिला. वाक्य साधं होतं: प्रत्येक नागरिकाला आपल्या हक्कांची जाणीव असली पाहिजे. छायाच्या पडद्यावर आलं: प्रत्येक नागरिकाले आपल्या हक्कांची जाणीव असली पायजे.

मला आधी वाटलं, चेष्टा करते आहे. पण छाया चेष्टा करणाऱ्यातली नव्हती. खाली पाहिलं तर सगळीकडे तेच. ‘शेतकऱ्याले’, ‘मुलाले’, ‘लोकांना’च्या जागी ‘लोकाइले’. एका ठिकाणी तर जिल्हाधिकारी साहेबाइले निवेदन गेलं होतं.

‘छाया, हे काय टाइप केलं वं?’ मी विचारलं. आम्ही वर्गात असंच बोलायचो. मीही वऱ्हाडचीच आहे. हा लेख बोटांनी लिहिते आहे म्हणून यात सगळीकडे ‘ला’ दिसतो, घरी माझी जीभ ‘मले-तुले’च करते.

तिने पडदा पाहिला, कागद पाहिला आणि घाबरली. ‘मी तं बरोबर वाचलं, मॅडम. कागदावर ‘ला’च हाय. मले दिसते न थे.’

‘मंग ‘ले’ कुठून आला?’

‘तेच तं समजत नाई.’

मागे बसलेली दोन पोरं फिस्स करून हसली. मी त्यांना त्यांचा उतारा पहिल्यापासून करायला लावला.

आमच्या कळफलकाची रचना सांगते, म्हणजे हे किती चमत्कारिक होतं ते कळेल. ‘ल’ उजव्या हाताकडे आहे. काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. म्हणजे ‘ला’ लिहायचा तर सगळं काम एकट्या उजव्या हाताचं, डावा हात आराम करतो. मात्रा मात्र डाव्या हाताला, करंगळीशेजारच्या बोटाखाली. ‘ले’ लिहायचा तर डाव्या हाताला उठावं लागतं. चूक करताना माणसाचा हात आळशीपणा करतो, शेजारचं बटण दाबतो. छायाचा हात उलट जास्तीचे कष्ट घेऊन चूक करत होता. इतक्या वर्षांत अशी चूक मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. बोटं पाहायची सोडून तिचा चेहरा पाहिला. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ती प्रत्येक शब्द बोलत होती. मग लक्षात आलं. अक्षर डोळ्यांतून थेट बोटात जात नव्हतं. आधी ते तोंडात जात होतं, तिथे त्याचं वऱ्हाडी होत होतं, आणि बोटं तोंडाचं ऐकून लिहीत होती. बारावी झाल्यापासून तिने काही वाचलंच नव्हतं. मधल्या सगळ्या वर्षांत जे काही झालं ते बोलण्यातच झालं. आता एकदम सरकारी भाषा समोर आली, तर तिच्या तोंडाने ती आपल्या घरची करून घेतली.

मी तिला खडीसाखर दिली. मोठा खडा. म्हटलं, ‘हा तोंडात ठेव. चावाचा नाई. टाइप होईस्तोवर जीभ हलवाची नाई.’

सुभद्राबाई बाकावरून म्हणाल्या, ‘हे कोनतं शिक्षण वं माय?’

‘चूप राह्याचं शिक्षण,’ मी म्हटलं. ‘लय कठीन असते.’

खडीसाखरेने बरंच काम केलं. आधी वेग पडला, छाया रडवेली झाली, मग हळूहळू वेग परत आला आणि ‘ले’ कमी होत गेला. सरकारी परिपत्रक, पाणीपुरवठा, रस्ते, वृक्षारोपण, असा कोरडा उतारा असला की तिच्या हातून स्वच्छ पान उतरायचं. पण विषय माणसांचा आला की घोटाळा. एकदा मी नकळत दवाखान्यावरचा उतारा दिला. रुग्णाला वेळेवर औषध द्यावे, रुग्णाला धीर द्यावा. त्या पानावर एकही ‘ला’ नव्हता. छायाने ते पाहिलं, उठली, माठातलं पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. तिचा नवरा कसा गेला ते मला सुभद्राबाईंनी सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि तिच्यासमोर तो कागद ठेवणारी मीच होते.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. उतारा आई आणि मुलांच्या संस्कारांवर होता. वेग पुरला, पण चुकांनी खाल्लं. कचेरीतले साहेब भले होते, तिला सांभाळून घेत होते, पण नियम त्यांच्याही हातात नव्हता. मुदत संपायच्या आत आता एकच परीक्षा उरली होती. छाया रोज येत राहिली, पण तिचे खांदे वर चढलेले असायचे. खांदे चढले की बोटं जड होतात. सुभद्राबाई बाकावर बसून पोराच्या जागेचं म्हणत राहायच्या, आणि त्यांनी तोंड उघडलं की छायाच्या पानावर चूक पडायची. एकदा मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. त्या निमूट उठून ओट्यावर बसल्या. मग मलाच कसंतरी झालं आणि मी त्यांना चहा नेऊन दिला.

त्या शेवटच्या परीक्षेला आमच्या मुलांना केंद्र अमरावतीचं आलं. माझी बाकीची मुलं आपापली जाणार होती. छायाला मी एकटीला सोडायला तयार नव्हते, म्हणून मी निघाले. सुभद्राबाईही निघाल्या, नको म्हटलं तरी. सकाळची एसटी. तिघींना मिळून एकच बाक मिळाला. छाया खिडकीशी, मी मधे, सुभद्राबाई कडेला. मी अकोल्यातच छायाच्या हातात पुडीतला खडीसाखरेचा एक खडा दिला आणि बजावलं, ‘आता पेपर होईस्तोवर एक शब्द बोलाचा नाई. कोनाशीच नाई. जीभ थंडी राहू दे.’ तिने मान हलवली आणि खडा तोंडात टाकला.

मूर्तिजापूरपर्यंत सुभद्राबाई गुडघ्यांबद्दल आणि वांग्यांच्या भावाबद्दल बोलल्या. बडनेरा मागे पडलं आणि त्या एकदम म्हणाल्या, ‘मॅडम, इले अमरावतीच्याच कालेजात जाचं होतं.’

मी वळून पाहिलं. त्या समोरच्या बाकाच्या लोखंडी दांडीकडे पाहत होत्या.

‘लगनाच्या वक्ताले इच्या बापानं इचारलं होतं, पोरीले पुढं शिकू द्यान का मनून. मी हो मनलं. समद्याइच्या देखत मनलं. मंग सीजन आला, वांगे तोडाले मानूस भेटेना. मी मनलं, काय करते शिकून. पोरगा मनत होता, जाऊ दे आई, येनं-जानं करन ते. मीच नाई जाऊ देलं.’

छाया खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या गालात खड्याचा उंचवटा होता आणि तो हलत नव्हता. माणसांचा विषय आला की हिचा हात घसरतो हे मला माहीत होतं, आणि इथे पेपरच्या तोंडावर ही बाई सगळं घर काढून बसली होती. मी सुभद्राबाईंच्या मांडीवर हात दाबला आणि हळूच म्हटलं, ‘आज पेपर हाय तिचा. आत्ताच काहून काढता हे?’

‘आत्ताच निघते, मॅडम,’ त्या म्हणाल्या. ‘थे आज बोलू शकत नाई न. घरी काढलं तं थे मनन, जाऊ द्या आई, काई नाई होत. मंग माया तोंडून पुरं निघत नाई.’

अमरावतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा छायाने सासूच्या हातातली पिशवी घेतली. रोजच घ्यायची, त्यात नवीन काही नव्हतं. रिक्षात मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. केंद्राच्या फाटकाशी तिने माझ्याकडून पुडीतला एक खडा आणखी मागून घेतला, हाताच्या खुणेने, आणि आत गेली.

बाहेर आम्ही दोघी एका निंबाखाली बसलो. मी फार चिडले होते. गेल्या वर्षभराची मेहनत एसटीच्या बाकावर उधळली गेली असं मला वाटत होतं. सुभद्राबाईंनी डब्यातली भाकर पुढे केली. मी नको म्हटलं. त्यांनीही खाल्ली नाही.

छाया बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी आधी उतारा कशावर होता ते विचारलं. ही माझी सवय आहे. कोरडा विषय असला तर मला तिथेच धीर आला असता.

तिने जरा विचार केला. ‘नाई आठवत, मॅडम.’

‘असं कसं? आत्ता तं करून आली.’

‘खरंच नाई आठवत. शायेबद्दल होतं का मुलाबद्दल होतं, काईतरी होतं. मी पाह्यलंच नाई. माया डोक्यात आई काय बोलल्या थेच चालू होतं. हात आपले चालून राह्यले होते.’

मग मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पंचवीसएक वर्षं मी मुलांना सांगत होते की डोकं मधे घालू नका, आणि ते कोणालाच जमत नव्हतं, कारण डोक्याला रिकामं बसता येत नाही. त्याला दुसरीकडे काहीतरी काम द्यावं लागतं. छायाचं डोकं त्या दिवशी सासूकडे होतं. तोंडात खडा होता. मग अक्षरांना सरळ बोटांकडे जाण्यावाचून वाटच उरली नव्हती. सुभद्राबाई विचारत होत्या, ‘काय झालं वं? पास झाली का?’ मी म्हटलं, ‘निकालाले टाइम हाय. पन भाकर काढा, मले भूक लागली.’

निकाल लागला आणि छाया पास झाली. चुका होत्या, पण मर्यादेत बसण्यासारख्या. नोकरी टिकली. कचेरीतल्या साहेबांनी तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं, जिथे दिवसभर टायपिंगच असतं. ती पेढे घेऊन आली, पाया पडली, आणि तिचं येणं थांबलं. आमच्याकडे काम झालं की माणूस थांबतोच. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, तरी सकाळचा बाक रिकामा दिसला की मला चुकल्यासारखं व्हायचं.

काही महिन्यांनी सुभद्राबाई एकट्या आल्या. हातात मेथीची पिशवी. बाकावर आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, छायाची नौकरी आता पक्की हाय न? कोनी काढत नाई न तिले?’

मी म्हटलं, नाही, आता काळजी नाही.

‘मंग आता तिचं कालेजात नाव टाका.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी सगळी चौकशी केली होती. कोणीतरी बाजारात सांगितलं होतं की नोकरी करून घरून अभ्यास करता येतो, सुटीच्या दिवशी वर्ग असतात, बीए होता येतं. वर्गांचं केंद्र अकोल्यातही होतं. छायाला त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, आधी लेकीचं शिक्षण होऊ द्या, मग बघू. लेक चौथीत होती.

‘थे आता नाई मनते,’ सुभद्राबाई म्हणाल्या. ‘मायी काई गोष्ट आयकत नाई. तुमची आयकन. लावा फोन.’

‘आत्ता? कचेरीत असन ते.’

‘लावा. मी बसतो इथंच.’

त्या बसणार म्हणजे बसणार, हे मला चांगलं माहीत होतं. मी फोन लावला आणि त्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. छायाने उचलला. मागे पंख्याचा आवाज आणि कोणाचं तरी बोलणं. ‘नमस्कार मॅडम, बोला,’ ती म्हणाली. आवाज अगदी कचेरीतला, स्वच्छ, प्रमाण मराठी. मला क्षणभर ओळखूच आला नाही. मी सांगितलं की तुझ्या सासूबाई इथे बसल्या आहेत. त्यावर सुभद्राबाई फोनवर वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, फोन लांब असल्यावर बोलतात तशा, ‘छाया, तुयं कालेजात नाव टाकून राह्यलो आमी. मॅडम बी हो मनतात. आता नाई मनू नोको.’

मग ती म्हणाली, ‘आई, मला आत्ता...’ आणि थांबली.

सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात कोणी कधी ‘मला’ म्हटलं नव्हतं. जे मी वर्षभर तिच्या बोटांना शिकवलं होतं, ते माझ्या नकळत वर चढून तिच्या जिभेवर जाऊन बसलं होतं. मला फार अपराध्यासारखं झालं. सुभद्राबाईंना वाटलं असावं की ही आता साहेबीण झाली आणि आपल्याला परकी झाली. त्यांनी फोनपासून मान मागे घेतली आणि पदर सारखा केला.

फोनमध्ये छाया उठल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पंख्याचा आवाज मागे पडला. ती बाहेर व्हरांड्यात आली असावी. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर सुभद्राबाईंनी हाताने मला थांबवलं.

मग अगदी हळू, शेतातून घरी येताना बोलावं तसं, छाया म्हणाली, ‘मले शिकाचं हाय, आई.’